दुसऱ्याच्या डोळ्यांनी लॉगिन

माझी नजर एका दिवसात गेली नाही. कडांकडून आत सरकत सरकत गेली. आधी रिक्षातून उतरताना पाय चुकायला लागला, मग भाजीवाल्याने पुढे केलेली पिशवी दिसेना. ठाण्याच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवायचे. एकदा तासाला पहिल्या बाकावरची मुलगी उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही आधी लिहिलेल्यावरच परत लिहिताय." वर्ग गप्प होता. बहुधा बराच वेळ गप्प असावा. मी खडू ठेवला, ते गणित तोंडी पुरं केलं आणि स्टाफरूममध्ये येऊन नुसतीच बसून राहिले.

डॉक्टरांनी रेटिनाचा आजार आधीच सांगितलेला. तो थांबत नाही, हेही सांगितलेलं. मी लांबची रजा घेतली आणि डोंबिवलीतल्या आमच्या घरात, चाळिशी ओलांडल्यावर, बाळबोध गोष्टी नव्याने शिकायला लागले. चहा ओतताना कपाच्या कडेवर बोट ठेवायचं. कपड्यांच्या घड्या शिवणीवरून ओळखायच्या. लॅपटॉप कानाने वापरायचा.

लॅपटॉपमध्ये पडदा वाचून दाखवणारा आवाज असतो. सुरुवातीला त्याने माझं डोकं उठवलं. हल्लीच्या प्रत्येक पानावर शंभर गोष्टी मांडलेल्या असतात आणि तो आवाज त्या सगळ्या एकामागून एक सांगत सुटतो: बटण, चित्र, दुवा, पुन्हा चित्र. हवं ते सापडेपर्यंत आपण कशाला आलो होतो तेच विसरायला होतं. डोळस माणूस नजर टाकतो आणि नको ते सोडून देतो. कानाला असं सोडून देता येत नाही.

त्यातून वाट निघाली ती सर्व्हरमुळे. आमचा एक अभ्यासगट होता. जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरकडच्या पाड्यांवर बायकांच्या अंगात रक्त का कमी असतं, याची मोठी पाहणी झाली होती आणि तिचं गणित करण्याचं काम आमच्याकडे होतं. ती सगळी माहिती ठाण्यातल्या एका संस्थेच्या सर्व्हरवर ठेवलेली. तो गटातल्या सगळ्यांचा मिळून एकच मोठा संगणक. ज्याने त्याने आपापल्या घरून, आपल्या नावाने आत शिरायचं, आपलं काम त्याला सांगायचं आणि बाहेर पडायचं. तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एक काळी खिडकी. आपण एक ओळ लिहायची, तो एका ओळीत उत्तर देतो. जिथे सहकाऱ्यांना ती खिडकी रुक्ष वाटायची, तिथे मला पहिल्यांदा हायसं वाटलं. एका वेळी एकच गोष्ट. मी विचारल्याशिवाय कोणी बोलत नाही. त्या खिडकीत मी पूर्वीच्याच वेगाने काम करत होते आणि गटातल्या कित्येकांना माझ्या डोळ्यांचं काही ठाऊकही नव्हतं.

मग संस्थेने प्रवेशाची पद्धत बदलली. कुठेतरी कुणाचा पासवर्ड चोरीला गेला असेल, किंवा वरून आदेश आला असेल. कारण रास्तच होतं. आमच्या माहितीत बायकांची नावं नव्हती, पण गाव होतं, वय होतं, किती बाळंतपणं झाली, किती मुलं जगली ते होतं. लहानशा पाड्यावर तेवढ्यावरून माणूस ओळखता येतं. ती माहिती बाहेरच्या कुणाला दिसू देणार नाही, अशी सही आम्ही सगळ्यांनी केलेली. तेव्हा दाराला कुलूप मोठं हवं, याबद्दल माझी तक्रार नव्हतीच.

तक्रार नव्या दाराबद्दल होती. आता सर्व्हरकडे जाण्याआधी एक वेबपान लागायचं. त्यावर पासवर्ड, मग फोनवर येणारा कोड. इथवर ठीक, फोन मला कोड वाचून दाखवतो. पण त्याखाली एक चौकोन आणि त्यात वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं, वरून रेघोट्या मारलेली. ती ओळखून टाकायची. कॅप्चा. समोर यंत्र नसून माणूस आहे, हे पटवण्यासाठी. माझ्या लॅपटॉपचा आवाज तिथे पोहोचला की एकच शब्द बोलायचा, "चित्र," आणि थांबायचा.

तेव्हा सासूबाई मदतीला आल्या. त्या नगरपालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. अक्षर ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर फार मनावर घेतलेली. नवरा सकाळी घोडबंदर रोडवरच्या त्याच्या कंपनीत जायला निघाला की घरात आम्ही दोघीच. त्या चष्मा पुसून माझ्याशेजारी खुर्ची ओढायच्या.

"हं. पहिला के. मग हा ओ आहे की शून्य, देव जाणे."

"आई, बाकीच्या अक्षरांएवढाच उंच आहे का?"

"उंच कसला, आडवा पडलाय. माझ्या वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर पुन्हा लिहायला लावलं असतं. आणि यावर ही रेघ कुणी मारली?"

"ती मुद्दाम मारलेली असते."

"मुद्दाम?" त्या खरंच दुखावल्या. "वाचता येऊ नये म्हणून?"

चुकलं की नवं चित्र यायचं. नवं चित्र येईस्तोवर फोनवरचा कोड बदललेला असायचा. दोन्ही जमेपर्यंत पान म्हणायचं, वेळ संपली. फार वेळा चुकलं की खातंच काही काळ बंद व्हायचं आणि आम्ही दोघी चहा टाकायचो. त्या कधी कंटाळल्या नाहीत, हे सांगायला हवं. उलट सकाळचं आवरलं की स्वतःहून विचारायच्या, "आज शिरायचंय का तुझ्या ठाण्यात?"

पण मला आतून काहीतरी टोचत होतं. नजर गेल्यापासून माझं असं काही उरलंच नव्हतं. पत्र आलं की कोणीतरी फोडून वाचणार. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते दुकानदार मोठ्याने सांगणार. साडीवर डाग आहे का, तेही दुसऱ्यालाच विचारायचं. प्रत्येक माणूस प्रेमानेच करतो, म्हणून चिडताही येत नाही. त्यात आता माझ्या कामाचं दारही दुसऱ्याच्या डोळ्यांनी उघडायचं. पासवर्ड माझा, पण तो एकटा कामाचा नव्हता.

त्याच सुमारास सासूबाई टिटवाळ्याला नणंदेकडे गेल्या. तिचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्यांना तिथे राहणं भागच होतं. नवऱ्याला कंपनीतून येईपर्यंत रात्र व्हायची. माझं एक मोठं गणित सर्व्हरवर चालू होतं आणि गटाची बैठक जवळ आलेली. मी व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला कॅप्चा दाखवून पाहिला. त्याला तो नीट दिसेना. शेवटी मी समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना बोलावलं. स्वभावाने चांगल्या, कुणाच्याही मदतीला धावणाऱ्या.

त्यांनी अक्षरं पहिल्या फटक्यात वाचली. मी आत शिरले. पण त्या उठल्या नाहीत, पडदा न्याहाळत बसल्या. "एवढं सगळं बारीक बारीक काय हो असतं? हे गावांचं नाव दिसतंय." मी खिडकी झाकली आणि वहिनींना काय सांगावं ते शोधत होते, तेवढ्यात कोपऱ्यात कुठलीतरी मेल वर आली असणार, कारण त्या उत्साहाने वाचायलाच लागल्या, "अहो, कॉलेजकडून आलंय. आपला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मिळाला असून..."

पुढचं त्यांनी हळू आवाजात वाचलं, पण वाचलं.

तो अर्ज मी आणि नवऱ्याने मिळून केला होता. पुन्हा वर्गावर जाणं जमणार नाही, हे मला समजलं होतं. पण सासूबाईंना अजून सांगितलं नव्हतं. त्यांचा समज होता की रजा संपली की मी जाईन, काहीतरी सोय होईल. एक बाई शिकवायचं सोडते म्हणजे काय, हे त्यांना माझ्याहून जास्त कळलं असतं. म्हणून नीट वेळ बघून, समोर बसून सांगायचं होतं.

सासूबाई परत आल्या त्या दिवशी दारातून थेट आत आल्या नाहीत. चपला काढताना बराच वेळ गेला. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "खाली लिफ्टपाशी भेटल्या त्या समोरच्या. म्हणाल्या, आता सूनबाई कायमच्या घरी, तुम्हाला सोबत झाली."

मी गॅस बंद केला.

"मी सांगणार होते, आई."

"सांगणार असशीलच." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, त्याने जास्त त्रास झाला. "माझ्याकडून तू अक्षरं वाचून घेत होतीस. मला वाटलं, तुझं सगळं मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखी खुर्ची ओढली आणि मी म्हटलं, "आज नको, आई. आज मला आधी एक मेल लिहायची आहे."

सर्व्हरची व्यवस्था बघणारे एक सर होते. त्यांना मी याआधीही कळवलं होतं आणि त्यांचं सभ्य उत्तर आलं होतं, की सुरक्षेच्या कारणाने कोणालाच सवलत देता येत नाही, घरच्यांची मदत घ्यावी. या वेळी मी लिहिलं की मला सवलत नको आहे. तुमच्या नियमात पासवर्ड कोणाला सांगू नये असं आहे, आणि तुमचंच पान मला रोज कोणाला तरी शेजारी बसवायला लावतं. परवा एका शेजारणीने आमच्या पाहणीतलं गावाचं नाव वाचलं. मला कमी सुरक्षा नको, तुम्हाला असते तेवढीच हवी.

दुपारी त्यांचा फोन आला. मी थोडी तयारीत होते, भांडायच्या.

"मॅडम, गावाचं नाव कुणी वाचलं म्हणालात?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

"मी हे असं बघितलंच नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटत होतं, तुमची गैरसोय होतेय. ही तर आमच्या दाराची फट आहे." थोडा वेळ कळफलकाचा आवाज आला. "कॅप्चा फक्त समोर माणूस आहे की यंत्र, एवढंच बघतो. कोण आहे, ते बघत नाही. तुम्ही इथे येऊ शकाल का? प्रत्यक्ष आलात तर तुम्हाला किल्लीने आत घेता येईल. मग ते पान लागणारच नाही."

ठाण्याला मी एकटी जाऊ शकत नव्हते. नवऱ्याला रजा मिळेना. संध्याकाळी सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मी येते." एवढंच.

आम्ही टॅक्सी केली. शिळफाट्याला गाडी अडकली ती हलेना. इंजिनांची घरघर, हॉर्न, बाजूच्या ट्रकमधून गाणं. सासूबाई खिडकीकडे बसल्या होत्या. त्या बाहेर बघत असाव्यात, कारण आवाज काचेकडून आला.

"मी निवृत्त झाले तेव्हा महिनाभर रोज सकाळी डबा भरायचे," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना सांगायचे, सवय गेली नाही. सवय नव्हती ती. मला दुसऱ्या कुणाला सांगायचं नव्हतं, की आता मला कुठे जायचं नाहीये."

मी त्यांचा हात शोधला. तो पर्सच्या पट्ट्यावर होता.

"तू कधी सांगायचं ते तुझं तुला ठरवता यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तेवढंच मला वाईट वाटलं. मला कळलं नाही म्हणून नव्हे."

तसं ते खरं नसावं. दोन्हींचं वाईट वाटलं असणार. पण त्यांनी ते असं मांडलं, आणि मी मान्य केलं.

संस्थेत सरांनी आम्हाला त्यांच्याच टेबलाशी बसवलं. आवाजावरून पन्नाशीचे वाटले. त्यांनी आधी माझा लॅपटॉप ऐकायला मागितला. मी ज्या वेगाने ऐकते त्या वेगात त्यांना एक शब्द समजेना. मी वेग कमी केला, तसे ते म्हणाले, "अजून." मी अजून कमी केला. सासूबाई हसल्या. त्या बऱ्याच दिवसांनी हसल्या होत्या.

मग त्यांनी समजावलं. किल्ली एक नसते, जोडी असते. एक जाहीर, ती सर्व्हरवर ठेवायची, कोणी बघितली तरी हरकत नाही. दुसरी खासगी, ती माझ्या लॅपटॉपमधून कधीच बाहेर जात नाही. मी दारात उभी राहिले की सर्व्हर एक कोडं घालतो, आणि त्याचं उत्तर फक्त खासगी किल्लीलाच देता येतं. किल्ली दाखवायची नसते, ती आपल्याकडे आहे एवढं पटवायचं असतं.

"आणि लॅपटॉपच कुणी उचलून नेला तर?" सासूबाईंनी विचारलं.

"चांगला प्रश्न आहे, आजी. म्हणून खासगी किल्लीला पुन्हा एक परवलीचं वाक्य असतं. शब्द नाही, चांगलं लांब वाक्य. ते मॅडमच्या डोक्यात. तेही लिहून ठेवायचं नाही."

किल्ल्या तयार करायची आज्ञा मी काळ्या खिडकीत लिहिली. संगणकाने वाक्य मागितलं. त्याच क्षणी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी जरा बाहेर बसते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, बसा ना. तुम्हाला काही ऐकू येणार नाही."

"बोटं दिसतात," त्या म्हणाल्या आणि गेल्या. सरही उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले असावेत, कारण पडद्याच्या कड्या वाजल्या.

मी कानात इअरफोन घातले आणि टाइप केलेली अक्षरं बोलून दाखवणं बंद केलं. तिथे एक गंमत असते. परवलीचं वाक्य लिहिताना त्या काळ्या खिडकीत काहीच उमटत नाही. अक्षर नाही, ठिपके नाहीत, किती लिहिलं तेही कळत नाही. डोळस माणसालाही तिथे आपल्या बोटांवरच विसंबावं लागतं. त्या ओळीपुरता माझ्यात आणि बाकीच्या जगात काही फरक नव्हता. मी वाक्य लिहिलं, पुन्हा लिहिलं, जुळलं. ते वाक्य काय होतं ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्यात लपवण्याजोगं काही नाही, साधंच आहे. पण माझ्याशिवाय ते कोणी कधी वाचलेलं नाही.

जाहीर किल्ली सरांनी सर्व्हरवर चढवली. मी पहिल्यांदा जोडणी केली तेव्हा सर्व्हरने त्याची स्वतःची खूण सांगितली, अक्षरा-आकड्यांची लांब माळ, आणि विचारलं, विश्वास ठेवायचा का? माझी बोटं सवयीने हो लिहायला निघाली.

"थांबा," सर म्हणाले. "इथे सगळे न वाचता हो म्हणतात. तुम्ही कोण हे त्याला कळायला हवं, तसं तो कोण हे तुम्हालाही कळायला हवं. मी माझ्याकडची खूण वाचतो, तुम्ही तुमच्याकडची ऐका."

आम्ही दोघं एकेक अक्षर जुळवत शेवटपर्यंत गेलो. माझा लॅपटॉप मोठी अक्षरं जरा वरच्या पट्टीत बोलतो, त्यामुळे लहान-मोठं चुकायचा प्रश्न नव्हता. मग मी हो लिहिलं, फोनवरचा कोड ऐकून टाकला, आणि आत होते. कोणाला शेजारी न बसवता.

त्यानंतरचे महिने कामाचे गेले. निवृत्तीचा अर्ज मंजूर झाला. सासूबाईंनी त्या दिवशी शिरा केला आणि विषय काढला नाही.

एका सोमवारी सकाळी मी जोडणी केली आणि लॅपटॉप भलतंच बोलायला लागला. "ॲट ॲट ॲट ॲट ॲट," ई-मेलच्या पत्त्यात असतं त्या ॲट चिन्हाचा नुसता पाऊस. तो संपल्यावर इंग्रजीत इशारा: सर्व्हरची ओळख बदलली आहे, कोणीतरी मधे बसून तुमचं ऐकत असण्याची शक्यता आहे. मी हात काढून घेतले. गटातल्या एकाला फोन केला. तो म्हणाला, "हो, मलाही आलेलं काहीतरी. जुनी ओळख पुसून टाकली, चालू झालं." मला ते पटेना. पाड्यावरच्या बायकांची बाळंतपणं त्या तारेतून जाणार होती. मी सरांना फोन लावला.

"मॅडम, यंत्र बदललंय. शनिवारी नवीन बसवलं. गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवी खूण टाकली होती ना?"

"ग्रुपवर मला काही मिळालं नाही, सर. फक्त एक फोटो होता."

त्यांनी ग्रुप उघडून पाहिला असावा.

"त्या फोटोतच होती," ते म्हणाले. "नोटिशीचा फोटो काढून टाकला मी."

आम्ही पुन्हा खूण जुळवली, या वेळी फोनवरून. ती जुळल्यावर ते म्हणाले की ग्रुपवरचे बाकीचे सगळे शनिवारीच आत आले होते, पण खूण विचारायला कोणाचाही फोन आला नव्हता. बाकीच्यांना फोटो दिसत होता, कदाचित त्यांनी त्यावरून पडताळलं असेल. नसेलही. तेव्हापासून सरांच्या सूचना लिहून येतात.

आमचा अहवाल पुढे जिल्ह्याच्या आरोग्य खात्याकडे गेला. त्यातल्या गणिताचा मोठा भाग माझा आहे. कोणत्या पाड्यांवर लोहाच्या गोळ्या पोहोचतात आणि तरी घेतल्या जात नाहीत, हे त्यातून दिसलं. त्या बायकांपैकी एकीलाही मी ओळखत नाही आणि ओळखता येऊ नये अशीच ती व्यवस्था आहे. कधी कधी मला वाटतं, आपण एखाद्याची काळजी घेतो म्हणजे त्याच्याबद्दल सगळं जाणून घेतो, असंच आपल्याकडे धरलेलं असतं. काही गोष्टी न बघणं ही सुद्धा काळजी असते, हे मला बघता येईनासं झाल्यावर समजलं.

मध्यंतरी एका दुपारी सासूबाई त्यांचा फोन घेऊन माझ्या खोलीत आल्या. त्यांच्या फोनचं कुलूप त्यांच्या मुलाने लावून दिलेलं, आणि ते घरातल्या सगळ्यांना पाठ होतं.

"हे बदलता येतं का गं?"

"येतं की. का, काय झालं?"

"काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "असंच."

मी कुठे जायचं ते तोंडी सांगत गेले, त्या बटणं दाबत गेल्या. नवे आकडे टाकायची वेळ आली तेव्हा त्या थांबल्या, फोन घेऊन आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. आठवडाभराने त्या ते आकडे विसरल्या. नवऱ्याला फोन दुकानात न्यावा लागला, तिथे सगळं पुसून फोन नव्याने चालू करून दिला, टिटवाळ्याच्या नातवंडांचे फोटो गेले आणि घरात थोडी बोलाचाली झाली. त्याने म्हटलं, "आई, पूर्वीचेच आकडे ठेवूया ना." त्या म्हणाल्या, "नाही. मी दुसरे ठेवते." या वेळचे त्यांच्या लक्षात राहिले आहेत.